काजळीला पाणी नको: कोरड्या रबरी स्पंजचं परीक्षण

हातात घेतला तर शाळेतल्या खोडरबराचा थोरला भाऊच वाटतो. साधारण सहा इंच लांब, तीन इंच रुंद, पावणेदोन इंच जाड, मातकट पिवळा, आणि नाकाशी नेला की सायकलच्या नव्या ट्यूबचा वास. अमेरिकेतल्या हार्डवेअरच्या आणि रंगाच्या दुकानांत हा 'सूट स्पंज', 'ड्राय क्लीनिंग स्पंज' किंवा 'केमिकल स्पंज' अशा नावांनी मिळतो. नावात केमिकल असलं तरी आत साबण, सॉल्व्हंट काही नाही. निव्वळ व्हल्कनाइझ केलेलं नैसर्गिक रबर. किंमत काही डॉलर. घर गरम ठेवणाऱ्या, तेलावर चालणाऱ्या फर्नेसने घरभर काजळी उधळली, तर सफाईच्या सगळ्या सामानात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वस्तू हीच. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कुठे गेला ते पुढे येईल.

तेलाची फर्नेस ही मुख्यतः अमेरिकेच्या ईशान्येची गोष्ट: मेन, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, लाँग आयलंड. न्यू जर्सीतल्या नव्या वसाहतींत बहुतेक गॅस असतो, पण जुनं घर घेतलं की तळघरात २७५ गॅलनची तेलाची टाकी आणि तिच्या शेजारी तेल जाळणारा बर्नर निघू शकतो. महाराष्ट्रातून थेट तिथे गेलेल्याला हे यंत्र अनोळखी. काजळी मात्र ओळखीची. कंदिलाची वात गरजेपेक्षा वर चढवली की काच काळी होते, कारण तेल जास्त आणि हवा कमी. बर्नरचंही बिघडतं ते असंच, फक्त ताशी पाऊण-एक गॅलनच्या मापाने.

बर्नरचा पंप तेलाला १०० ते १५० पीएसआय दाब देतो, बोटाच्या पेराएवढं नोझल त्याचा फवारा करतं आणि दोन इलेक्ट्रोडमधली दहा हजार व्होल्टची ठिणगी तो पेटवते. ठिणगी उशिरा पडली, किंवा आधीच्या फेरीत बर्नर बंद झाल्यावरही नोझल ठिबकत राहिलं, तर न जळलेलं तेल चेंबरमध्ये साठतं आणि पुढच्या वेळी एकदम भडकतं. 'भप्प' असा आवाज येतो, धुराच्या पाइपाचे सांधे हलतात, धुराच्या पाइपातली ओढ सांभाळणाऱ्या झडपेतून (बॅरोमेट्रिक डॅम्पर) काळा लोट बाहेर पडतो. हा पफबॅक. दरवेळी तो एवढा गाजावाजा करून येतो असं नाही. कधी दोन-दोन महिने रोज थोडं थोडं भपकत राहतं आणि पडद्यांच्या वरच्या कडा काळ्या दिसेपर्यंत घरात कोणाला पत्ता लागत नाही.

छताच्या कोपऱ्यांत काळी जळमटं लोंबताना दिसली तर कोळी शोधत बसू नका. काजळीचे कण विद्युतभारित असतात. ते एकमेकांना साखळीसारखे चिकटतात आणि हवा जिथे संथ असते त्या कोपऱ्यात लोंबतात. टीव्हीची मागची बाजू, प्लास्टिकचे डबे, मिनी ब्लाइंड यांवर काजळी जास्त बसते तीही याच कारणाने. आणि बाहेरच्या भिंतीवर ओळीने काळे ठिपके उमटले असतील, तर ती ड्रायवॉलच्या, म्हणजे जिप्समच्या तक्त्यांच्या भिंतीच्या, स्क्रूंची डोकी. थंडीत ती जागा आजूबाजूच्या भिंतीपेक्षा गार असते, म्हणून कण तिथे आधी बसतात.

आता स्पंज का, ओलं फडकं का नाही, ते. काजळी म्हणजे नुसता कार्बन नव्हे, त्यावर तेलाचा पातळ थर असतो. दिव्याची काजळी तुपात खलली की काजळ होतं, हे आपल्याकडे सांगायला नको. फर्नेसच्या काजळीत तुपाच्या जागी डिझेलच्या जातीचं तेल आधीच आहे. त्यावर ओल्या फडक्याचा हात फिरला की भिंतीवर काजळच तयार होतं आणि ते रंगाच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतं. मॅट रंगाची, म्हणजे तिकडे ज्याला फ्लॅट पेंट म्हणतात त्याची, भिंत एकदा अशी पुसली की मग ती रंगवण्यावाचून गत्यंतर नसतं. कंदिलाची काच आधी कोरड्या कागदाने पुसायची आणि मग धुवायची, हा क्रम इथेही तोच. स्पंजचं रबर कण उचलून स्वतःच्या छिद्रांत घेतं, भिंतीत दाबत नाही.

स्पंज हातात घेण्याआधी काही कामं, आणि यांतलं पहिलं चुकलं तर पुढचं सगळं वाया. तळघराच्या जिन्यावर किंवा बर्नरजवळ लाल पट्टीचं इमर्जन्सी स्विच असतं, ते बंद करा. थर्मोस्टॅट कमी करून भागत नाही. गरम हवेच्या फर्नेसमध्ये ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारा पंखा, एकदा जरी फिरला तरी डक्टमधली, म्हणजे हवा नेणाऱ्या नळांमधली, काजळी वरच्या बेडरूमपर्यंत जाते. बर्नरवरचं लाल रिसेट बटण एकदा दाबून बघितलं असेल तर तेवढंच. दर दाबण्याला चेंबरमध्ये आणखी तेल फवारलं जातं, आणि मोठ्या पफबॅकमागे कोणीतरी ते बटण चार-पाच वेळा दाबलेलं असतं असा अनुभव तंत्रज्ञ सर्रास सांगतात. मग फोटो: प्रत्येक खोली, प्रत्येक रजिस्टर (खोलीत गरम हवा येण्याची जाळी), उघडी कपाटं, भिंतीवरची तसबीर काढून तिच्यामागचा स्वच्छ चौकोन. तो चौकोन विमा कंपनीच्या माणसाला दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगतो. त्यानंतर रजिस्टरवर प्लास्टिक आणि टेप, जमिनीवर प्लास्टिक, तोंडाला एन-९५ मास्क, हातात नायट्राइलचे मोजे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजत असेल, चक्कर येत असेल किंवा डोकं दुखत असेल, तर यातलं काहीही करत न बसता बाहेर पडून अग्निशमन दलाला बोलवायचं.

भिंतीला हात लावण्याआधी व्हॅक्यूम. तो हेपा फिल्टरचाच हवा, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा. साध्या व्हॅक्यूममधून काजळी आत जाते आणि मागच्या झरोक्यातून खोलीत परत येते. नळीला मऊ ब्रश लावून जळमटं नुसती ओढून घ्यायची, ब्रश भिंतीला टेकवायचा नाही. गालिच्यावर फिरता ब्रश बंद, नळी पाव इंच वर धरून.

मग स्पंज. सुरुवात छतापासून, तिथून भिंतीच्या वरच्या कडेपासून खाली. एक सरळ पट्टा ओढायचा, हात उचलायचा, शेजारचा पट्टा आधीच्यावर इंचभर चढवून ओढायचा. गोल गोल नाही, पुढे-मागे नाही, दाब जेमतेम. भाकरीवरचं जास्तीचं पीठ हाताने झटकतो तेवढा जोर पुरे. पहिल्या दोन-तीन पट्ट्यांतच स्पंजचा तळ काळाकुट्ट होतो. तो तसाच पुढे ओढला तर आपणच भिंतीवर रेघा काढत बसतो. बाजू बदला. सहाही बाजू संपल्या की धारदार कटरने वरचा पाव इंच थर कापून टाका, आतून पुन्हा पिवळं रबर निघतं. या कापाकापीतच पैसे वसूल होतात, आणि म्हणून पातळ चौकोनी पत्र्यासारखे स्पंज घेण्यापेक्षा जाड विटेसारखे घ्यावेत. मध्यम काजळीच्या एका बेडरूमला चार ते सहा धरून चाला. बारा-बारा नगांची खोकी मिळतात, ती सुट्यापेक्षा स्वस्त पडतात.

दोन गोष्टींनी हा स्पंज मरतो: पाणी आणि ऊन. एकदा धुतला की तो पूर्वीसारखी काजळी उचलत नाही, वाळवला तरीही नाही. आणि उघडा ठेवला तर रबर कडक होऊन भुगा पडायला लागतो. उरलेले झिपच्या पिशवीत हवा काढून अंधाऱ्या कपाटात. खरेदी करताना पाकिटातून एक कोपरा दाबून बघा. कुरकुरला तर माल जुना.

तो अर्धा गुण इथे जातो. मॅट रंगाच्या भिंतीवर, कोरड्या पफबॅकवर, पहिल्या दोन-चार दिवसांत हा स्पंज जवळजवळ जादू करतो. सेमी-ग्लॉस रंगावर, स्वयंपाकघराच्या कपाटांवर, टाइलवर त्याचं काम अर्धवट राहतं. तिथे काजळीतलं तेल पृष्ठभागाला धरून बसतं. आणि फोडण्यांच्या तेलाचा जुना थर ज्या भिंतीवर आहे, म्हणजे बहुतेक मराठी स्वयंपाकघरांत शेगडीच्या मागे आणि वर, तिथे स्पंज नुसता घसरतो. पाकिटावर हे कोणी लिहीत नाही.

अशा जागांसाठी दुसरी फेरी ओली, पण कोरडी फेरी पूर्ण झाल्यावरच. दोन गॅलन, म्हणजे साडेसात लिटर कोमट पाण्यात अर्धा कप ट्रायसोडियम फॉस्फेट. काजळी हलकी असेल तर पाव कप. हातमोजे आणि चष्मा हवाच, हे कातडी सोलतं. इथे क्रम उलटा: भिंत खालून वर धुवायची. वरून सुरुवात केली तर मळक्या पाण्याचे ओघळ खालच्या न धुतलेल्या भागावर येतात आणि त्या रेघा मग जात नाहीत. धुतलेल्या, ओल्या भिंतीवरचे ओघळ मात्र सहज पुसले जातात. शेवटी साध्या पाण्याचे दोन हात. चकचकीत रंगाची चमक याने उतरते, म्हणून दारामागे हाताएवढ्या जागेवर आधी करून बघा. पांढऱ्या मेलामाइनच्या चौकोनी वड्या, ज्या सगळ्या डागांवर चालतात असं जाहिरातीत म्हणतात, त्या इथे नकोत. त्या म्हणजे बारीक पॉलिश पेपर. रंग खरवडतात आणि चकाकी घालवतात.

रंगवायची वेळ आलीच तर काजळीवर थेट लॅटेक्स पेंट मारणं हा सर्वांत महागडा शॉर्टकट. आठवड्याभरात पिवळट डाग वर येतात, आणि दमट दिवशी वासही. मध्ये शेलॅकचा, म्हणजे लाखेचा, प्रायमर लागतोच. झिन्सर बी-आय-एन हा त्यातला नेहमीचा. वीस मिनिटांत वाळतो, पाऊण तासात दुसरा हात घेतो, वास कोंडून ठेवतो. तोटे: स्पिरिटचा वास डोक्यात जातो, खिडक्या उघड्या लागतात, आसपास पायलट ज्योत किंवा निरांजन काही पेटतं नको. ब्रश पाण्याने निघत नाही; डीनेचर्ड अल्कोहोल किंवा अमोनियाचं पाणी लागतं.

वास घालवणाऱ्या ओझोन मशीनबद्दल थोडक्यात: सफाईआधी लावू देऊ नका. काजळी भिंतीवर असताना वास घालवण्यात अर्थ नाही, तो परत येतो. ते चालू असताना घरात माणूस, मांजर, कुंडीतली तुळस काही राहता कामा नये, आणि ओझोन रबर-इलॅस्टिकचा भुगा करतो. उरलेल्या वासासाठी हायड्रॉक्सिल जनरेटर हळू पण सौम्य.

देवघर आणि कपाटं. पितळेच्या मूर्ती आणि समया आधी मऊ कोरड्या ब्रशने झाडून घ्यायच्या, मग कोरडं सुती फडकं, मगच पितांबरी किंवा चिंच-मीठ. थेट चिंच लावली तर नक्षीच्या खाचांत काळा गाळ जाऊन बसतो. चांदी लवकर काळवंडते ती गंधकामुळे; मात्र न्यूयॉर्कने २०१२ साली आणि मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकटने २०१८ साली घरगुती तेलातल्या गंधकाची मर्यादा १५ पीपीएमवर (दहा लाखांत १५ भाग) आणली, त्यामुळे जुन्या सल्ल्यांमध्ये गंधकातून होणाऱ्या आम्लाचा जो बागुलबुवा दिसतो तो आता बराच ओसरलाय. तरी नळांचं क्रोम आणि ॲल्युमिनियम पहिल्या दिवशीच पुसून घेतलेलं बरं. रेशमावर स्पंज कधीच घासू नये. पैठणी, शालू घडीतून हलक्या हाताने काढायचे, सावलीत नुसते झटकायचे, हेपाच्या नळीवर जाळीचं कापड बांधून कमी ओढीवर वरवर फिरवायचं आणि आगीत-धुरात खराब झालेल्या कपड्यांचं काम करणाऱ्या ड्रायक्लीनरकडे द्यायचं. घरच्या वॉशिंग मशीनमध्ये गरम पाणी म्हणजे डाग पक्का. सुती कपडे आधी बाहेर झटकून गार पाण्यात चालतात.

स्वयंपाकघरात हिशेब सोपा. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यातलं धान्य ठेवा, डबा बाहेरून पुसा. उघडी पिशवी, सैल झाकणाचा मिसळणाचा डबा, ओट्यावरची फळं टाकून द्या. टीव्ही, लॅपटॉप, मिक्सर बंद असतील तर सुरू करू नका. काजळी वीजवाहक असते आणि पंखा ती थेट सर्किटवर ओढतो.

एक-दोन खोल्यांचं काम स्वतः होतं. डक्टमधून घरभर गेलं असेल तर सफाईची कंपनी बोलवावी, आणि तिची परीक्षा पहिल्या दहा मिनिटांत होते. माणूस स्प्रेची बाटली घेऊन भिंतीकडे निघाला तर थांबवा. कोरडा स्पंज काढला, रजिस्टर झाकले, सामानाची यादी लिहायला घेतली, तर बसा चहा टाकून. आयआयसीआरसी या सफाई-व्यवसायाच्या संस्थेचं आग-धुराच्या सफाईचं प्रमाणपत्र विचारा. डक्टसाठी नाडका या डक्ट सफाईवाल्यांच्या संघटनेचं सदस्यत्व. डक्ट साफ करताना ब्लोअरचं चाक आणि प्लेनम (फर्नेसवरची हवेची पेटी) काढून धुतात का, हे लेखी घ्या. चाकाच्या पात्यांत अडकलेली काजळी पुढच्या हिवाळ्यात पहिल्याच दिवशी सगळं परत करते. विम्यात अचानक झालेला पफबॅक बहुतेक घरमालक पॉलिसींत बसतो. महिनोन्‌महिने साचलेली काजळी देखभालीची कसर म्हणून नाकारली जाऊ शकते. फर्नेसची दुरुस्ती सहसा आपल्याच खिशातून. म्हणून दरवर्षीच्या सर्व्हिसची पावती फाइलला लावलेली हवी.

सफाई झाली असं कळायचं कसं? दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेवर कोरडा पांढरा कापूस फिरवा. तिथे कोणाचा हात पोचत नाही, आणि कंत्राटदाराचाही बहुधा पोचलेला नसतो.

हे सगळं करण्याआधी बर्नर दुरुस्त झालेला हवा, नाहीतर स्पंजची दुसरी खोकी आणायची तयारी ठेवा. तंत्रज्ञाकडून काय करून घ्यायचं: नोझल नवं, त्याच मापाचं. मूळ नोझलवर ०.७५ गॅलन (ताशी), ८० अंश (फवाऱ्याचा कोन), बी (फवाऱ्याचा प्रकार) असं कोरलेलं असेल तर तेच. गाडीत होतं म्हणून दुसरं बसवणं हेच अनेकदा दुखण्याचं मूळ. तेलाचा फिल्टर आणि पंपाची जाळी नवी. इलेक्ट्रोडचं अंतर गेजने मोजून, पोर्सिलीनला चीर नाही हे पाहून. ज्योत ओळखणाऱ्या कॅड सेलची काच पुसून, कारण ज्योत न दिसल्याने बर्नर पुन्हा पुन्हा चालू-बंद होतो. ठिबकणं थांबत नसेल तर दोन कारणं आधी तपासायची: तेलाच्या नळीत शिरलेली हवा आणि पंपाचा ढिला कट-ऑफ, म्हणजे बर्नर थांबताच तेल तोडणारी झडप. टाकी एकदा रिकामी पडली असेल तर तळाचा गाळ आणि पाणी वर येतं, मग नवं नोझलही पंधरा दिवसांत तुंबतं. हीट एक्स्चेंजर, म्हणजे ज्योतीची उष्णता घरच्या हवेला किंवा पाण्याला देणारा भाग, ब्रशने साफ, आणि गरम हवेची फर्नेस असेल तर त्याला चीर आहे का ते आरशाने किंवा कॅमेऱ्याने बघून. चीर निघाली तर दुरुस्ती नाही, बदलणंच.

आणि शेवटी मोजमाप. ज्वालेवरचा ड्राफ्ट, म्हणजे धुराड्याची ओढ, उणे ०.०२ इंच पाण्याच्या आसपास. धुराच्या पाइपातून हातपंपाचे दहा झटके देऊन गोल फिल्टर पेपरवर घेतलेला ठिपका शून्य ते नऊच्या पट्टीशी ताडून बघतात. तो शून्यावर किंवा जेमतेम पुसट असायला हवा. डोळ्याने ज्योत बघून 'ठीक आहे' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. तो ठिपक्याचा कागद मागून घ्या, तारीख घाला आणि बर्नरवर लटकणाऱ्या सर्व्हिसच्या कार्डाला स्टेपल करून ठेवा.